काटकसरीची मोटार : बेळगाव-निपाणी रस्त्यावरील डिझेलचा हिशेब

बेळगावाहून उत्तरेकडे निघालेला महामार्ग काकती सोडून वंटमुरीचा घाट ओलांडतो, हत्तरगी आणि संकेश्वर मागे टाकतो, तवंदीच्या घाटातून निपाणीस येतो आणि कोगनोळीच्या पुढे महाराष्ट्रात शिरतो. बेळगाव ते निपाणी हे अंतर सुमारे ७५ किलोमीटरचे, आणि निपाणी ते कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटरचे. बेळगावास रेल्वे एकोणिसाव्या शतकातच आली. निपाणीच्या वाट्याला मात्र ती आली नाही. विडीच्या तंबाखूसाठी देशभर ज्याचे नाव झाले, त्या या गावचा माल आणि माणसे दोन्ही रस्त्यानेच हलत आली. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी ठाण मांडून बसले तेही याच रस्त्यावर. आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात १२ शेतकऱ्यांचे प्राण गेले तेही येथेच.

या रस्त्याने रोज जा-ये करणारा वर्ग मोठा आहे आणि तो नाना प्रकारचा आहे. निपाणी आणि आसपासच्या खेड्यांतील माणसे कागलच्या पंचतारांकित वसाहतीत आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कामास जातात. निपाणीला लागूनच असलेले अर्जुननगर महाराष्ट्रात मोडते; त्यामुळे निपाणीकरांचे म्हणून ओळखले जाणारे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात आहे आणि विद्यार्थ्यांची घरे बेळगाव जिल्ह्यात आहेत. खाली चंदगड तालुक्यातील शिनोळीच्या वसाहतीत बेळगावचे कामगार जातात, आणि चंदगडचे रुग्ण बेळगावच्या इस्पितळांत येतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. नकाशावर रेघ ओढली गेली, पण नोकरी, शिक्षण, दवाखाना आणि सोयरीक यांनी ती रेघ रोज ओलांडावयाची हा प्रघात मोडला नाही.

रोजच्या या प्रवासासाठी कोणती गाडी घ्यावी, हा प्रश्न सीमाभागातील मध्यमवर्गीय कुटुंबापुढे गेली तीस वर्षे आहे. त्यातील सुमारे वीस वर्षे त्याचे उत्तर जवळजवळ ठरलेले होते : लहान, डिझेलवर चालणारी मोटार. हे उत्तर कोठून आले, ते खरे का ठरले आणि पुढे ते का डळमळले, याचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. गाडीची काटकसर ही केवळ तिच्या इंजिनात नव्हती. ती बरीचशी सरकारने ठरविलेल्या तेलाच्या भावात होती, आणि उरलेली त्या कुटुंबाच्या रोजच्या मैलांत.

डिझेल इंजिनाची ओळख या भागाला मोटारीमुळे झाली नाही. ती विहिरीवर झाली. आणि या ओळखीचा धागा बेळगावातूनच निघतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांचा जन्म १८६९ चा. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानाने झाला, हे पुष्कळांना ठाऊक असते. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर आला. परंतु नगरपालिकेला ठळकवाडीची नवी वस्ती वसवावयाची होती, म्हणून कारखान्याची जागा सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली. आणि औंधच्या राजांनी आश्रय दिल्याने १९१० साली कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावाने त्या दिवशी काय गमावले याचा हिशेब अद्याप पुरता झालेला नाही. १९४६ साली याच उद्योगसमूहाने पुण्यास खडकी येथे तेलावर चालणारी इंजिने तयार करण्याचा कारखाना काढला. ती इंजिने कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा यांच्या काठच्या मळ्यांत गेली, गुऱ्हाळांत गेली, पिठाच्या गिरण्यांत गेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारागिरांनीही तशी इंजिने घडविली. त्यामुळे ज्या पिढीने डिझेलची मोटार घेतली, तिच्या आधीच्या पिढीला डिझेल इंजिनाचा आवाज, त्याचा धूर आणि त्याचा चिवटपणा हे सारे मळ्यातच परिचयाचे झाले होते. तेल थोडे पिते आणि काम फार करते, ही त्याची कीर्ती मोटारीच्या कितीतरी आधीची आहे.

ही कीर्ती खोटी नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली आपल्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन कसोटीस उतरले. जळणातील उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून थोडा अधिक भाग ते कामात रूपांतरित करीत होते. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना याच्या निम्मे साधणेही कठीण होते. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण ठिणगीने पेटवावे लागते. हे मिश्रण फार दाबले तर ते अवेळी पेटते, म्हणून दाबण्याला मर्यादा पडते. डिझेलने केवळ हवाच दाबली. हवेचे आकारमान विसाव्या हिश्शाच्या आसपास आणले म्हणजे ती इतकी तापते की, तीत फवारलेले तेल ठिणगीवाचून पेट घेते. दाब जितका अधिक, तितका जळणाचा उपयोग अधिक. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा उष्णता सुमारे दहा टक्क्यांनी अधिक असते. या दोन गोष्टी मिळून गाडीला एका लिटरमागे जे चार-पाच किलोमीटर अधिक मिळतात, त्यात जादू काही नाही.

पण जो दाब तेलाची बचत करतो तोच दाब इंजिनाला जड आणि महाग करतो. जाड भिंतीचे ठोकळे, मजबूत दांडे, आणि तेल केसाएवढ्या छिद्रांतून अचूक क्षणी फवारणारा पंप हे सारे लागते. म्हणून डिझेल आधी जहाजात आणि कारखान्यात गेले, मग ट्रकमध्ये, आणि मोटारीत सर्वांत शेवटी. मर्सिडीझने २६० डी ही गाडी १९३६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली, तेव्हा रुडॉल्फ डिझेलला जाऊन २३ वर्षे झाली होती. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो रात्रीतून नाहीसा झाला होता. भारतात तो सूक्ष्म पंप बनविण्याचे काम बंगळूर येथे १९५१ साली स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने केले. तिचे संक्षिप्त नाव 'मायको' हे महामार्गावरच्या गॅरेजांत इतके रुजले की, ते कंपनीचे नाव आहे हेच पुष्कळजण विसरले.

रस्त्यावर माणसे वाहणारे पहिले डिझेल वाहन अर्थातच एस.टी.ची बस. त्यानंतर आली ती वडाप. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या पट्ट्याबाहेरच्या वाचकास हा शब्द समजावून सांगावा लागतो. बसथांब्यापुढे उभे राहून माणसे गोळा करावयाची, गाडी भरली की सुटावयाचे, आणि वाटेत हात दाखविणाऱ्याला आणखी कोंबावयाचे, असा हा धंदा. त्यासाठी डिझेलची जीप, मॅटॅडोर आणि पुढे ट्रॅक्स या गाड्या वापरात आल्या. मॅटॅडोर आणि ट्रॅक्स पुण्याजवळच्या बजाज टेम्पो कंपनीच्या, आणि त्यांचे इंजिन मर्सिडीझच्या परवान्यावर बनलेले. या इंजिनाची ख्याती इतकी पसरली की, पेट्रोलची जुनी अॅम्बॅसिडर घेऊन तीत मॅटॅडोरचे इंजिन बसविण्याचा उद्योग देशभरच्या गॅरेजांत चालला. गाडी थरथरे, खिडक्यांच्या काचा खुळखुळत, आत बोललेले ऐकू येत नसे. पण खर्च परवडे. आर. टी. ओ.च्या दप्तरी इंजिनबदलाची नोंद करून घेतली की काम झाले.

असे करण्याचे कारण तेलाच्या भावात होते. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि खनिज तेलाचा भाव काही महिन्यांत पिंपामागे सुमारे तीन डॉलरांवरून बाराच्या घरात गेला. भारत सरकारने तेव्हापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, पेट्रोल हे श्रीमंताचे जळण मानले आणि डिझेल हे शेतकऱ्याचे, ट्रकचे आणि बसचे मानले. पेट्रोलवर कर चढविला, डिझेल हेतुतः स्वस्त ठेवले. धोरण ट्रॅक्टर आणि पंपासाठी होते, यात शंका नाही. पण पंपावर नळी धरणारा माणूस गाडी ट्रॅक्टर आहे की मोटार हे पाहून भाव सांगत नाही. ही फट मोटारवाल्याच्या लक्षात यावयास वेळ लागला नाही. हिंदुस्थान मोटर्सने १९८० च्या सुमारास अॅम्बॅसिडर डिझेलवर आणली. १४८९ घनसेंटिमीटरच्या त्या इंजिनाची ताकद चाळीस अश्वशक्तीही भरत नव्हती आणि गाडी एक टनाहून जड. तवंदीच्या घाटात तिचा काय कस लागत असेल याची कल्पना करावी. तरीही ती गाडी भाड्याने चालविणाऱ्यांनी उचलून धरली. पुढे प्रीमियर पद्मिनीनेही इटालियन बनावटीचे १.४ लिटरचे डिझेल इंजिन घेतले. दोन्ही गाड्या मुळात पेट्रोलसाठी आखलेल्या, आणि नोकरदाराच्या खिशाला व दाराला त्या सारख्याच मोठ्या.

खरी उलथापालथ झाली ती ३० डिसेंबर १९९८ रोजी, टाटा इंडिका बाजारात आली तेव्हा. पुण्यातील अभियंत्यांनी आखलेली, इटलीतील तुरिन येथील एका संस्थेकडून बाह्यरूप घेतलेली, आणि ऑस्ट्रेलियातील निस्सानचा बंद पडलेला कारखाना उचलून आणून पिंपरी-चिंचवडला उभारलेल्या यंत्रांवर बनलेली ही गाडी. रतन टाटा यांनी तिचे वर्णन करताना अॅम्बॅसिडरची जागा, मारुती झेनचा आकार आणि मारुती ८०० च्या जवळपासची किंमत अशी सांगड घातली होती, आणि त्यावर डिझेलची काटकसर. १४०५ घनसेंटिमीटरचे तिचे इंजिन टाटांनी स्वतः बनविले होते. पहिल्या आठवड्यातच एक लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरून नोंदणी केली. त्याच वर्षी मारुतीनेही झेनमध्ये फ्रेंच प्यूजोचे डिझेल इंजिन घालून पाहिले होते; पण पाच माणसे आणि सामान यांना पुरणारी, आणि तरी लहान म्हणवणारी डिझेलची गाडी म्हणून मान इंडिकाला मिळाला.

इंडिकाच्या पहिल्या गाड्यांविषयी तक्रारी पुष्कळ होत्या. आवाज, थरथर, टायरांची झीज, किरकोळ भागांची मोडतोड यांनी गिऱ्हाईक वैतागले. टाटांनी ते मनावर घेतले आणि सुधारलेली 'व्ही टू' काढली. त्यानंतर मात्र ही गाडी भाडोत्री टॅक्सीवाल्यांनी आणि रोज लांबचा पल्ला मारणाऱ्यांनी अशी डोक्यावर घेतली की, काही काळाने 'इंडिका म्हणजे टॅक्सी' हाच तिचा कमीपणा ठरला. निपाणी-कोल्हापूर मार्गावर तिच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती. इंजिन जुन्या पद्धतीचे असल्यामुळे ते कोणत्याही गॅरेजमध्ये उघडता येई. पंप आणि नोझल दुरुस्त करणारा माणूस ट्रॅक्टरवर शिकलेला असे, आणि तो दर दहा-पंधरा मैलांवर सापडे. काटकसरीच्या हिशेबात हा आकडा कोणी लिहीत नाही, पण तो धरला पाहिजे. बंद पडलेली गाडी ज्याला बेळगावापर्यंत ओढून न्यावी लागते, त्याची सहा महिन्यांची बचत एका दिवसात जाते.

याच सुमारास रस्ताही बदलत होता. सुवर्ण चतुष्कोनाची योजना १९९९ मध्ये सुरू झाली आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत हा महामार्ग चौपदरी झाला. पूर्वी ट्रकच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर रांगत जाणारी गाडी आता एका वेगाने धावू लागली, आणि लिटरमागे मिळणारे किलोमीटर, ज्याला या भागात सारेच 'ॲव्हरेज' म्हणतात, ते आपोआप वाढले. घरापासून तीस-चाळीस किलोमीटरवरची नोकरी आता रोज जाऊन येण्याजोगी झाली.

दुसरा टप्पा तंत्राचा. इटलीत फियाटच्या संशोधकांनी वाढविलेले आणि बॉशने पक्क्या रूपास आणलेले 'कॉमन रेल' तंत्र १९९७ साली प्रथम मोटारीत आले. सर्व नोझलांना एकाच नळीतून फार मोठ्या दाबाने तेल पुरवावयाचे आणि केव्हा किती फवारावयाचे हे विजेच्या यंत्रणेने ठरवावयाचे, हे त्याचे सार. त्यामुळे डिझेलचा खडखडाट आणि काळा धूर दोन्ही कमी झाले. फियाटचे १२४८ घनसेंटिमीटरचे इंजिन या तंत्रावर बांधलेले होते. २००७ च्या आरंभी मारुतीने ते स्विफ्टमध्ये घातले. पुढे पुण्याजवळ रांजणगावला फियाट आणि टाटा यांनी तेच बनविले आणि ते इंडिका व्हिस्टातही गेले. एकच इंजिन प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्यांत बसलेले असा प्रकार क्वचित दिसतो. आता डिझेल घेणे हे केवळ टॅक्सीवाल्याचे काम राहिले नाही. शिक्षक, बँकेतील कारकून, तंबाखूचे व्यापारी, कारखान्यातील पर्यवेक्षक यांच्या दारातही ते आले. पाठोपाठ फोर्ड फिगो आली, आणि २०११ साली शेव्हरोलेची बीट आपले ९३६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन घेऊन आली.

आता हिशेबाकडे वळले पाहिजे, कारण या कथेतला खरा नायक तोच आहे. मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपये १८ पैसे झाले, आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे होते. जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलचा भाव बाजारावर सोपविला होता आणि डिझेलचा मात्र आपल्या हाती ठेवला होता, म्हणून ही ३२ रुपयांची दरी पडली. बेळगाव आणि कोल्हापूरचे भाव राज्याच्या करामुळे थोडे निराळे, पण दरी तशीच. समजा, पेट्रोलची लहान गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते आणि डिझेलची २०. पहिलीला किलोमीटरमागे सुमारे ४ रुपये ८८ पैसे लागतात, दुसरीला २ रुपये ५ पैसे. निपाणीहून कोल्हापूरला रोज जाऊन येणाऱ्याचे महिन्याचे २५ दिवस धरले तर २००० किलोमीटर होतात. त्याची बचत महिन्याला ५६०० रुपयांच्या वर जाते. डिझेलची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा एक लाखाने महाग धरली, तरी तो लाख दीड वर्षात फिटतो, आणि पुढची सारी वर्षे नफ्याची.

पण हाच हिशेब बेळगाव शहरात टिळकवाडीहून छावणीपर्यंत जाणाऱ्याचा करून पाहावा. महिन्याला ५०० किलोमीटर झाले, तर बचत १४०० रुपये. आणि लाख फिटावयास जवळजवळ सहा वर्षे. त्यात विम्याचा अधिक हप्ता आणि कर्जावरचे व्याज मिळविले, तर गाडी विकण्याची वेळ आली तरी मुद्दल वसूल झालेले नसते. दोघांनीही एकाच दुकानातून, एकाच रंगाची, एकच गाडी घेतलेली असे. एकाला ती काटकसर होती, दुसऱ्याला ती हौस होती, आणि आपण काटकसर केली असे दोघेही म्हणत. २०१२-१३ साली देशात खपलेल्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलवरच्या होत्या. त्या साऱ्यांचेच रोजचे प्रवास निपाणी-कोल्हापूरएवढे लांब होते, असे मानणे कठीण आहे.

जाहिरातीतील आकडाही येथे तपासून घ्यावा लागतो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन गाडीचे ॲव्हरेज प्रमाणित करते, ते प्रयोगशाळेतील ठराविक क्रमाने गाडी चालवून. तेथे घाट नाही, गतिरोधक नाही, उसाची ट्रॉली नाही. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यास उपयोगी. घरखर्च मांडण्यास नव्हे. मारुतीने २०१५ साली सेलेरियोमध्ये ७९३ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरांचे डिझेल इंजिन दिले, तेव्हा लिटरला २७ किलोमीटरांहून अधिकचा दावा होता. काटकसरीची ती परमावधी. परंतु थरथर आणि आवाज यांमुळे लोकांनी ते स्वीकारले नाही आणि दोन वर्षांत ते बंद झाले. स्वस्त चालणारी गाडी हवी खरी, पण जीपमध्ये बसल्यासारखे वाटू नये, एवढी अपेक्षा आता गिऱ्हाइकाची झाली होती.

सीमाभागाच्या गिऱ्हाइकाला आणखी एक गणित सोडवावे लागते, जे पुण्याच्या किंवा बंगळूरच्या माणसापुढे नसते. ते म्हणजे पासिंगचे. निपाणीची गाडी चिकोडीच्या कार्यालयाची, तिच्यावर के. ए. २३, बेळगावची के. ए. २२, आणि दहा-वीस किलोमीटरवर कागलला एम. एच. ०९. मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तेथे नव्याने नोंदवावी लागते आणि कर पुन्हा भरावा लागतो. कर्नाटक आजीवन कर गाडीच्या किमतीवर घेते, आणि त्याचे दर देशातील चढ्या दरांत मोडतात. महाराष्ट्र किमतीबरोबर जळणही पाहते आणि डिझेलच्या गाडीवर पेट्रोलच्या गाडीहून अधिक कर लावते. घर एका राज्यात आणि नोकरी दुसऱ्यात, अशा माणसाने गाडी कोठे नोंदवावी हा प्रश्न म्हणूनच केवळ कागदाचा नाही. २०२१ साली केंद्राने 'बीएच' मालिका काढली. पण ती सरकारी नोकरांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांच्या नोकरांना. निपाणीचा शिक्षक किंवा कागलचा फिटर तीत बसत नाही. आणि नंबराची पट्टी केवळ कराचीच खूण राहत नाही, हेही येथील लोकांनी पाहिले आहे. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही काळ सीमेवरच थांबल्या. बस थांबली की कामावर जाणारा माणूस वडाप शोधतो. वडाप मिळाली नाही तर शेजाऱ्याची मोटार.

तेलाच्या भावातही ही रेघ दिसते. दोन राज्यांचा विक्रीकर निराळा असल्याने कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे डिझेलचा भाव सारखा नसतो, आणि अलीकडच्या वर्षांत कर्नाटकाची बाजू स्वस्त राहिल्याने ट्रकवाले व मोटारवाले टाकी निपाणीकडे भरून पुढे जाण्याची खबरदारी घेऊ लागले. हा फायदाही कायमचा ठरला नाही. कर्नाटकाने डिझेलवरील विक्रीकर जून २०२४ मध्ये १४.३ टक्क्यांवरून १८.४ टक्क्यांवर आणि एप्रिल २०२५ मध्ये २१.१७ टक्क्यांवर नेला.

मुख्य दरी मात्र त्याआधीच बुजली होती. जानेवारी २०१३ पासून डिझेलचा भाव दरमहा लिटरला सुमारे ५० पैशांनी वाढविण्यास सरकारने तेल कंपन्यांना मुभा दिली, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तो पुरता बाजारावर सोडला. पन्नास पैसे हा आकडा इतका क्षुल्लक की, त्याविरुद्ध मोर्चा काढावयास कोणाला सुचले नाही. मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवर लिटरला १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये कर वाढविला. आणि २४ जून २०२० रोजी दिल्लीत डिझेल ७९ रुपये ८८ पैसे आणि पेट्रोल ७९ रुपये ७६ पैसे झाले. डिझेल पेट्रोलहून महाग होण्याची ही पहिलीच वेळ होती. वरचाच हिशेब या भावाने मांडला, तर निपाणीच्या माणसाची महिन्याची बचत ५६०० वरून २६०० वर येते आणि लाख फिटण्यास दीडऐवजी तीन वर्षांहून अधिक लागतात. बेळगावच्या ५०० किलोमीटरवाल्यास बारा वर्षे लागतात. इंजिन तेच, रस्ता तोच, चालविणारा तोच. फक्त दिल्लीतील एका आदेशाने गाडी काटकसरीची राहिली नाही.

त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून 'भारत स्टेज सहा' हे धुराचे नियम लागू झाले होते. डिझेलच्या धुरातील काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे फुप्फुसांना घातक आहेत, आणि ती अडविण्याचा खर्च लहान गाडीला मोठ्या गाडीएवढाच येतो. पाच-सहा लाखांच्या गाडीवर तो बोजा टाकणे मारुतीला परवडणारे नव्हते. तिने २०२० पासून डिझेलची मोटार बनविणेच सोडले. तत्पूर्वी २०१७ च्या अखेरीस जनरल मोटर्सने भारतातील विक्री थांबविली होती, आणि २०१८ मध्ये इंडिका बंद झाली होती. बीट घेतलेल्यांना सुट्या भागांसाठी वणवण करावी लागणे हेही गाडी निवडण्याच्या हिशेबात आधी लिहिलेले नव्हते.

नव्या डिझेल गाडीत काजळी पकडणारी गाळणी असते. ती भरली की आपणहून तापून काजळी जाळते. परंतु त्यासाठी गाडी बराच वेळ एका चांगल्या वेगाने धावावी लागते. शहरात चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याची गाळणी तुंबते आणि तिचा खर्च सोसवत नाही. रोज महामार्गावर तासभर धावणाऱ्याला हा त्रास फारसा होत नाही. म्हणजे डिझेल ज्याला शोभत होते त्यालाच आजही शोभते, आणि ज्याने ते हौसेने घेतले होते त्याला आता यंत्रच नको म्हणते. लहान गाड्यांत डिझेलची निवड फारच आकसली आहे. २०२५ साली नव्या रूपात आलेल्या टाटा आल्ट्रोझने आपले १.५ लिटरचे डिझेल इंजिन राखले. त्या किमतीत पुष्कळांची नजर सी. एन. जी.कडे किंवा विजेच्या गाडीकडे वळते. ज्यांचे अंदाजपत्रक तेवढे ताणत नाही ते जुन्या स्विफ्टकडे वळतात. अशी गाडी पाहावयास जाणारा जाणता गिऱ्हाईक आधी किलोमीटरचा काटा पाहत नाही. तो सकाळी, इंजिन गार असताना जातो, एका चावीत ते सुरू होते का हे ऐकतो, धुराचा रंग पाहतो, टर्बोची शीळ लक्ष देऊन ऐकतो. आणि मग गाडी के. ए.ची आहे की एम. एच.ची, हे विचारतो.